इंजिनात बांधलेला गडवा

पुलगावच्या गिरणीला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून धुरपता घरी सापडली. चाळीच्या ओट्यावर ती डाळ पाखडत बसली होती आणि शेजारची मंदाबाई तिच्याशी कमलीच्या लग्नाबद्दल बोलत होती. कमली धुरपताची एकुलती एक पोरगी. मुलगा वर्ध्याजवळच्या पिपरीचा, माणसं समजूतदार. गेल्या दसऱ्याला नागपुरात जाऊन सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली होती, त्यामुळे लग्नातला जुना थाट आता राहिला नव्हता. वैशाखात साधा मांडव घालायचा, वंदना म्हणायची आणि आल्या-गेल्याला पोटभर जेवू घालायचं, एवढं ठरलं होतं.

तेवढ्यात चाळीच्या टोकाकडून एक अनोळखी माणूस दारोदार विचारत येताना दिसला. उन्हानं पार रापलेला, खांद्याला ताडपत्रीची पिशवी.

"जय भीम. लहानूची धुरपता इथंच राह्यते का?"

मंदाबाईचं बोलणं मध्येच तुटलं. बापूरावशी पाट लावून धुरपता या चाळीत आली, तेव्हापासून तिच्या दारात पहिल्या नवऱ्याचं ते नाव घ्यायची कोणाची छाती झाली नव्हती.

"लहानूचं इथं कोनी नाई," सुपावरची नजर न काढता धुरपता म्हणाली. "मी बापूरावची. काय काम हाये?"

माणूस घुटमळला. मग ओट्याच्या कडेला टेकला आणि त्यानं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून तिच्यासमोर ठेवली. फडकं सोडलं तर आत एक गडवा, पाणी प्यायचा तांब्या. पितळेचा असावा, पण अंगभर हिरवा पडलेला, आणि त्यावर पांढऱ्या शिंपल्यांचे खडबडीत थर चढलेले. फक्त गळ्याजवळचा पट्टा कोणीतरी चिंच लावून घासला होता आणि तिथं ठोकून घातलेली अक्षरं चमकत होती.

धुरपताला वाचता येत नव्हतं. पण ती अक्षरं तिला येत होती. तिच्या लग्नात आईनं आर्वीच्या बाजारातून हा गडवा आणला होता आणि कासाराला बसवून त्यावर नाव घालून घेतलं होतं. धुरपता लहानू, पुलगाव. माहेरहून आलेलं तेवढंच एक भांडं.

इतकी वर्षं गिळलेला राग एकदम वर आला. ती मंदाबाईकडे वळून म्हणाली, "पाह्य. इकला होता ना शेवटी? मी म्हनतच होती. माह्या मायचा गडवा चोरून नेला आन बाजारात इकून खाल्ला." मग त्या माणसाला विचारलं, "कोन्या दुकानात भेटला तुमाले?"

"दुकानात नाई बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "समुद्राच्या तळाशी भेटला."

त्याचं नाव बंडूजी. मूळचा देवळीचा, पण पोटामागं मुंबईच्या गोदीत गेला आणि तिथून एका ठेकेदाराच्या बोटीवर खलाशी म्हणून लागला. लढाईत बुडालेली जहाजं शोधायची आणि पाणबुडे खाली उतरवून त्यातलं तांबं-पितळ वर काढायचं, असा त्या ठेकेदाराचा धंदा. या हिवाळ्यात ते कच्छाच्याही पलीकडे, आखाताच्या तोंडाशी गेले होते. तिथं एक मालबोट सापडली. पाणबुडे वर आले ते सांगत आले की खाली रेल्वेची इंजिनं आहेत.

"आमाले खरंच वाटेना," बंडूजी म्हणाला. "समुद्रात इंजिनं कुठून येतीन? पन होती. काही आडवी पडलेली, काही बोटीपासून दूर रेतीत रुतलेली. दोन मात्र आपल्या चाकायवर सरळ उभी. पानबुड्या म्हने, टेसनात शिट्टीची वाट पाहून राह्यले असं वाटे. चिमनीतून मासे आत-बाहेर करत होते. तांब्याच्या नळ्या कापाले गेले त एका इंजिनात, डायवर उभा राह्यते ना त्या जागी, हा गडवा तारेनं बांधून ठेवलेला. मले वाचता येते. पुलगाव वाचलं आन मी ठेकेदारापासून मांगून घेतला."

धुरपताच्या हातातलं सूप कलंडलं. डाळ ओट्यावर सांडली, ती तशीच राहिली.

"मानसं?" मंदाबाईनं विचारलं.

"समुद्र मानसं ठेवत नाई बाई, इतक्या वर्सात. पन ज्यायच्या ताब्यात इंजिन, ते इंजिनातच निजत. बोटीवर आपल्यासारख्याले दुसरी जागा कोन देते?"

"त्याचं नाव बोटीवर लिहिलं होतं," धुरपता म्हणाली. "कचेरीनं सांगतलं. बोटीवर चढलाच नाई म्हने. पळाला म्हने."

बंडूजीनं मान हलवली. "लढाईत असंच चाले. नावं एका बोटीवर लिहाचे आन मानसं दुसरीवर चढवाचे. ती बुडली का मंग ते मानूस कुठंच नाई. मी असे लय पाह्यले."

त्यानं पाणी मागितलं, प्याला, आणि देवळीची बैलगाडी गाठायची म्हणून उठून गेला. आपण काय ठेवून चाललो आहोत, हे त्याला कळलं असावं. जाताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही. मंदाबाई खाली बसून सांडलेली डाळ गोळा करू लागली. गोळा करता करता म्हणाली, "तूच त सांगत होतीस, इकाले नेला म्हनून." बोलण्यात टोचणी नव्हती, नुसतं नवल होतं. पण धुरपता उठून घरात गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

लहानू छोट्या लाइनीच्या शेडात बॉयलर खलाशी होता. अंगानं किडकिडीत, म्हणून इंजिनाच्या पोटात शिरून आतला पाण्याचा साका खरवडायचं काम त्याच्याकडे असे. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा फक्त डोळे आणि दात पांढरे. लढाई पेटली आणि कुठल्या कुठल्या लाइनींवरची इंजिनं बसऱ्याकडे पाठवायचं निघालं. इंजिनांसोबत जाऊन ती तिकडे रुळांवर चढवून देणारी माणसं हवी होती. साहेबानं विचारलं आणि लहानू हो म्हणून आला.

कमली तेव्हा मांडीवर होती, अंगात ताप होता. धुरपतानं रात्रभर भांडण केलं. लहानू हसत होता. समुद्र पाहायला मिळेल, सहा महिन्यांत परत येईन, म्हणत होता. सकाळी ती विहिरीवरून पाणी घेऊन आली तर तो निघून गेलेला आणि फळीवरचा गडवा नाहीसा. रिकाम्या फळीकडे पाहून तिनं कपाळावर हात मारला होता. त्याच्याबद्दलची तिची शेवटची आठवण तीच, रिकाम्या फळीची.

मग कागद नाही, खबर नाही. शेडात चौकशी केली तर मुंबईच्या कचेरीतून उत्तर आलं की हा इसम बोटीवर हजर झालाच नाही, फरार आहे. कोणीतरी रुईचा दलाल म्हणाला, मी त्याला मस्जिद बंदराला पाहिला, डोक्यावर गठ्ठा होता आणि सोबत एक बाई होती. धुरपतानं त्या बाईचं लुगडंसुद्धा मनात रंगवून घेतलं. आणि गडवा हा तिचा पुरावा झाला. परत यायचं असतं तर बायकोच्या माहेरचं भांडं कोण चोरून नेतं? विहिरीवर, गिरणीत, रिळखात्यातल्या बायांना तिनं हे इतक्या वेळा सांगितलं की पुढं पुढं त्याच तिला सांगू लागल्या.

विश्वास ठेवला नाही तो एकट्या नानाजीनं. नानाजी म्हणजे लहानूचा बाप. पवनारला धाम नदीच्या रेतीत डांगरं, म्हणजे खरबुजं, आणि काकड्या लावून पोट भरणारा माणूस. "माहा पोट्टा पळनारा नाई," एवढंच तो म्हणायचा. धुरपता चिडायची. एकदा भर दुपारी पवनारला जाऊन तिनं त्याच्या दारात उभं राहून त्याच्या सात पिढ्या काढल्या होत्या.

चार वर्षं अशी गेल्यावर बापूरावचं विचारणं आलं. बापूराव दारूगोळ्याच्या डेपोत हमाल होता, बायको वारलेली, मूलबाळ नव्हतं. पाट लावायचा तर पहिल्याशी काडीमोड व्हायला हवा आणि नवरा हजर नाही. म्हणून पवनारच्या वस्तीत निंबाखाली पंचायत बसली. पंच म्हणाले, नवऱ्यानं टाकली असं नवऱ्याच्या घरचं माणूस बोललं तर आम्ही मोकळी करतो. नानाजी खाली मान घालून बसला होता. पंचांनी विचारलं तरी बोलेना. शेवटी धुरपता कमलीला पुढं ढकलून ओरडली, "हिच्याकडं पाहून तरी बोला मामाजी. का हिचाही जल्म असाच घालवता?"

नानाजी उठला. डोक्यावरचं पागोटं काढून त्यानं हातात घेतलं आणि म्हणाला, "माहा पोट्टा पळाला. पोरीले मोकळी करा."

"मंग इतके दिवस काऊन लपवलं?" धुरपता सगळ्यांदेखत म्हणाली. लोक हसले. तिलाही तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

पुढं पवनारमध्ये नानाजीला पळपुट्याचा बाप म्हणू लागले, हे तिच्या कानावर आलं होतं. तिनं मनाला लावून घेतलं नव्हतं. एकदा वर्ध्याच्या बाजारात तो डांगरांचा ढीग मांडून बसलेला दिसला. कमली तेव्हा आठ-नऊ वर्षांची. त्यानं ढिगातलं चांगलं पिकलेलं डांगर उचलून पोरीपुढं धरलं. धुरपतानं पोरीचा हात हिसकला. "त्याच्या हातचं नोको घेऊ," म्हणाली. बुढा डांगर हातात धरून तसाच बसून राहिला.

लोटलेल्या दाराआड बसून धुरपताला आठवत होतं ते हे सगळं. लहानूसाठी रडू यायला हवं होतं, पण येत नव्हतं. अंगावरचं लुगडं कोणी भर बाजारात ओढावं तसं तिला होत होतं. आपणच बोललेला एकेक शब्द माणसासारखा समोर येऊन उभा राहत होता.

संध्याकाळी बापूराव कामावरून आला. चाळीत त्याला कळलंच होतं. त्यानं पायातलं काढलं, गडव्याजवळ बसला आणि हात न लावता त्याच्याकडे पाहत राहिला.

"मंग बिचारा तवाच गेलता," तो म्हणाला. त्या रात्री तो जेवला नाही. झोपायच्या आधी इतकंच बोलला, "पवनारले जा लागन तुले. मी येऊ का संगं?"

"नोका येऊ."

"बरं."

कमलीशी बोलणं त्याहून अवघड गेलं. पोरगी सातवी शिकलेली, शांत, पण डोळे बापासारखे सरळ बघणारे. तिला मंदाबाईकडून कळलं होतं. दोन दिवस ती आईशी बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी चुलीपुढं बसून म्हणाली, "बाजारात डांगर घेऊन बसला होता तो बुढा, तो माहा आबाजी होता ना?"

"हो."

"तू मले त्याच्या नावानं थुंकाले शिकवलं माय. आन बाबाच्या नावानं बी. शाळेत पोट्ट्या इचारे, तुहा खरा बाप कुठी हाये, त मी म्हनत जाओ, मेला. मले वाटे मी लबाड बोलून राह्यली."

धुरपता चुलीत काड्या सारत राहिली. काड्या पुरेशा होत्या, तरी सारत राहिली.

"माह्या लग्नात माह्या बापाचं नाव घ्याचं," कमली म्हणाली.

"आन ह्यायचं?" धुरपतानं बाहेर ओट्यावर बसलेल्या बापूरावकडं हात केला. "ह्यायनं तुले खांद्यावर शाळेत नेलं. पोरी, त्यायनं दुसरं लेकरू नाई मांगलं कधी."

"मले ठाऊक हाये. माह्यानं नाई सांगनं होत त्यायले. तू सांग."

धुरपता हो म्हणाली. पण तिच्याकडूनही सांगणं होईना. बापूराव जेवायला बसला की तिला वाटे, जेवण होऊ दे. जेवण झालं की वाटे, दमून आलाय, झोपू दे. सकाळी गिरणीचा भोंगा व्हायचा. असे दिवस जात राहिले.

पवनारला मात्र ती गेली. वर्ध्यापर्यंत गाडीनं आणि तिथून मोटारीनं. फाट्यावर उतरून नदीकडे चालताना वस्तीतल्या बाया दारात येऊन पाहत होत्या. काहींनी तिला ओळखलं असावं. निंबाखालून जाताना तिनं पदर पुढं ओढला.

धामेचं पाणी एका कडेला गेलं होतं आणि रेतीत वेलांच्या रांगा पसरल्या होत्या. तुरीच्या तुऱ्हाट्यांच्या खोपीत नानाजी बसला होता. किती वाळला होता. डोळ्यांवर पांढरी साय आलेली.

"कोन हाये?"

"मी धुरपता, मामाजी."

"कोन्ती धुरपता?" त्यानं विचारलं. त्यानं आवाज पहिल्या शब्दालाच ओळखला होता, हे तिला कळलं. ती रेतीत बसली आणि पिशवीतून गडवा काढून त्याच्या हातात दिला.

तिनं सगळं सांगितलं. बोट, उभी इंजिनं, तारेनं बांधलेला गडवा, चुकीच्या बोटीवरची नावं. सांगताना ती त्याच्याकडे बघू शकत नव्हती, वेलांकडे बघून बोलत होती. नानाजी गडव्यावरून बोटं फिरवत होता.

"सरळ उभं होतं म्हनतं इंजिन?" त्यानं विचारलं.

"हो. चाकायवर."

"त्याचंच असंल मंग." त्यानं गडव्याचा काठ चाचपला. मग म्हणाला, "पान्यासाठी नेला असंल हा. बोटीवरच्या पिंपाले आपला हात कोन लावू देते तवा? आपलं भांडं नसंल त तहानेनं मरा लागे."

गिरणीतही त्यांच्या जातीच्या बायांचं पाण्याचं मडकं वेगळं असे. धुरपता स्वतः घरून पाण्याचा डबा नेत होती. रोज. आणि इतक्या वर्षांत हे एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. जी गोष्ट वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही सुचली असती, ती तिनं सुचू दिली नव्हती.

"तुमाले ठाऊक होतं मामाजी," ती म्हणाली. "तुमी एकटेच खरं म्हनत होते."

"नाई." बुढ्यानं मान हलवली. "ठाऊक नोतं. बाप होतो म्हनून बोलत होतो. रातच्याले पडलो का मले बी वाटे, पळाला त नसंल? पाय आखडे मंग. झोप नाई ये. पन पंचायतीत बोललो ते मात्र खोटं बोललो. तवा मले तसं वाटत नोतं."

"मंग काऊन बोलले?"

"तू तरनी होती. पोट्टी लहान होती. बापूरावची मी चवकशी केलती, डेपोतल्या मानसायपासून. दारू पेत नाई म्हने. हात उचलत नाई म्हने."

धुरपताला वाटलं, रेतीनं आता आपल्याला आत ओढून घ्यावं. तिनं वाकून त्याच्या पायाकडे हात नेला. नानाजीनं पाय मागं घेतले.

"ते नोको. दीक्षा घेतल्यापासून आपल्यात ते नाई."

"मंग शिव्या द्या मले. तुमाले पळपुट्याचा बाप केलं मी. चार लोकायत हसली मी तुमाले."

"देईन म्हनत होतो," नानाजी म्हणाला. "येशील कधी त काय काय बोलाचं, ते ठरवून ठेवलं होतं. लय होतं. राग गेला असं मी म्हनत नाई, बाई. हाये तो. पन आता बोलाले बसलो त दम लागते."

बाई. वस्तीत कोणाही परक्या बाईला म्हणावं तसं तो म्हणाला. तिनं ते मुकाट्यानं घेतलं.

"मी निंबाखाली येऊन सांगते," ती म्हणाली. "सगळ्या वस्तीपुढं. तुमी खोटं बोलले नोते आधी, मी बोलली, असं."

"कोनापुढं सांगतं? ते पंच मेले. हसले होते त्यातले निम्मे मेले. राह्यले त्यायले आठवत बी नसंल." त्यानं गडवा खोपीच्या कोपऱ्यात, आपल्या अंथरुणाजवळ ठेवला. "हे राहू दे इथं. आन पोट्टीले धाडजो. दिसत नाई मले आता नीट, पन धाडजो."

कमली गेली आणि चार दिवस राहून आली. काय बोलणं झालं ते तिनं आईला सांगितलं नाही. आली तेव्हा पिशवीत डांगरं होती. तिनं एक कापून बापूरावपुढं ठेवलं, एक फोड आईला दिली. धुरपतानं ती हातात धरली. तोंडात घालताना चाळीतलं सगळं जग आपल्याकडे पाहत आहे असं तिला वाटलं, पण कोणी पाहत नव्हतं.

लग्नाचा दिवस आला तरी बापूरावला सांगायचं राहूनच गेलं होतं. सकाळी तो मांडवाचे बांबू पक्के करत होता तेव्हा ती दोनदा त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. एकदा त्यानं सुतळी मागितली, एकदा पाणी. दोन्ही वेळा तिनं मागितलं ते दिलं आणि परत आली.

नानाजी पवनारहून बैलगाडीत बसून आला. धुवट धोतर, डोक्याला नवं पागोटं. कमलीनं हाताला धरून त्याला पुढच्या सतरंजीवर बसवलं. पिपरीचे पाहुणे जमले, वंदना झाली. लग्न लावायला आलेले गृहस्थ उभे राहिले आणि मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मुलीच्या वडिलांचं नाव सांगा."

धुरपता मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. कमलीनं आईकडे पाहिलं. नानाजीनं मान वळवून कान दिला. आता बोलायला हवं होतं, तिनंच बोलायला हवं होतं, पण ती खांबच घट्ट धरून राहिली होती.

"लहानू नानाजी," मागून बापूरावचा आवाज आला. "शेडात बॉयलर खलाशी होता. इंजिनं घेऊन गेला आन समुद्रात मेला. पळाला नाई. असं सांगा सगळ्यायले."

गृहस्थांनी ते नाव म्हटलं. कमलीचे खांदे हलू लागले आणि नानाजीनं पागोट्याच्या पदरानं डोळे पुसले. सगळे त्या दोघांकडे पाहत होते, म्हणून बापूराव मांडवातून बाहेर पडताना कोणाला दिसला नाही. धुरपताला दिसला. अकरा वर्षं पोरगी वाढवलेला माणूस, तिच्या लग्नात बापाचं नाव दुसऱ्याचं सांगून, चुलाण्यांकडे निघून गेला होता.

लग्न लागल्यावर ती मागं गेली. बापूराव आलू-वांग्याच्या गंजाजवळ उभा राहून उलथण्यानं भाजी ढवळत होता. धूर त्याच्याच अंगावर येत होता, तरी तो जागचा हलला नव्हता.

"तुमाले कोनं सांगतलं?" तिनं विचारलं.

"कमलीनं. काल."

"मी सांगनार होती."

"हो," बापूराव म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तिला तो हवा होता. "भात उतरवाले दोघं जन धाड."

तिनं माणसं धाडली. पंगती बसल्या, उठल्या. नानाजी पहिल्या पंगतीला बसायला तयार झाला नाही, दुसरीलाही नाही. ज्यानं पोरीला वाढवलं तो बसेल तेव्हा मी बसेन म्हणाला. शेवटच्या पंगतीला बापूराव हात धुऊन आला आणि त्याच्या शेजारी बसला. दोघं कधी एकमेकांशी बोलले नव्हते, आताही फारसं बोलले नाहीत. भुईमुगाला पाणी किती लागतं, असं काहीतरी नानाजीनं विचारलं आणि बापूरावनं मला शेतीतलं कळत नाही म्हणून सांगितलं.

वरणाचं भांडं घेऊन धुरपता पंगतीत शिरली. या दोघांपुढं येईपर्यंत तिनं नीट वाढलं. तिथं वरण पत्रावळीबाहेर सतरंजीवर सांडलं. ती वाकून पदरानं पुसू लागली. दोघांपैकी कोणीच तिच्याकडे पाहिलं नाही. नानाजीनं चाचपून आपली पत्रावळ तिच्याकडे जराशी सरकवली आणि म्हणाला, "वाढजो धुरपता. त्यायलेही वाढ."

तिनं खाली मान घालून दोघांनाही वाढलं आणि भांडं घेऊन पुढच्या पानाकडे गेली.